एरवी गाडी छान चालते, टेस्टलाच पाय थरथरतो: दोनदा नापास झाल्यावर सापडलेले उपाय

ड्रायव्हिंग लायसन्सच्या टेस्टच्या दिवशी माझा डावा पाय थरथरायला लागला. साधासुधा नाही, सँडलचा तळ क्लचच्या पेडलवर टकटक वाजत होता आणि शेजारी बसून टेस्ट घेणाऱ्या आरटीओच्या साहेबांना तो ऐकू येतोय हे मला कळत होतं. आदल्याच संध्याकाळी मी म्हसरूळहून मखमलाबादला गाडी नेऊन आणली होती. वाटेत टेम्पो, रिक्षा, गाई, सगळं आडवं आलं, तरी गाडी एकदाही बंद पडली नव्हती. टेस्टला मात्र पहिल्या वीस-पंचवीस पावलांतच दोनदा बंद पडली. नापास. पंधरा दिवसांनी परत गेले, परत तेच. तिसऱ्या वेळी पास झाले.

त्याला आता चार वर्षं झाली. मधल्या काळात भाची, शेजारच्या वहिनी, ऑफिसातला एक मुलगा अशा तिघांच्या टेस्टला मी सोबत म्हणून नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत गेले आहे. तिघांचीही तक्रार एकच, "एरवी नीट चालते हो गाडी, टेस्टलाच काय होतं कळत नाही." म्हणून मला जे सापडलं ते एकदा नीट लिहून ठेवते. कोणाची एक जरी खेप वाचली तरी पुष्कळ झालं.

आधी हे तपासा: भीती वाटतेय, की गाडी अजून हातात बसलेली नाही?

प्रश्न कडू आहे, पण टाळू नका. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. चांगले सर शिकणाऱ्याला सांभाळून घेतात, आणि सांभाळता सांभाळता अर्धी गाडी तेच चालवत असतात. चौकात गाडी बंद पडायच्या बेतात येते, सर हळूच क्लच दाबतात आणि आपल्याला वाटतं, जमलं. माझ्या वीस दिवसांच्या शिकवणीत गाडी फक्त दोन-तीनदा बंद पडली होती आणि मला त्याचा अभिमान होता. ती का बंद पडत नव्हती, हे मला पहिल्या टेस्टनंतर उमगलं.

तपासायची रीत सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर गेल्यावर सरांना सांगा, "सर, आता दहा मिनिटं अगदी गरज पडल्याशिवाय पेडलला पाय लावू नका आणि काही बोलूही नका." त्या दहा मिनिटांत गाडी तीन-चारदा बंद पडली, गिअर चुकला, वळताना स्टेअरिंग सावरत बसावं लागलं, तर तुम्हाला आणखी आठ-दहा दिवस नुसती गाडी चालवायची गरज आहे. त्यात कमीपणा काही नाही. टेस्टची तारीख पुढे घ्या आणि चालवा. त्या दहा मिनिटांत गाडी नीट चालली, तर मात्र तुमचं दुखणं माझ्यासारखंच आहे.

पाय साहेब बसल्यावर हलतो

दुसऱ्यांदा नापास होऊन आले त्या संध्याकाळी सोसायटीच्या गेटजवळच्या बाकावर आमच्या खालच्या मजल्यावरचे काका बसले होते. काका एसटीतून निवृत्त झालेले. पेठ-सुरगाण्याच्या घाटांत त्यांनी आयुष्यभर गाडी चालवली. माझा चेहरा बघून त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. एवढंच विचारलं, "ताई, पाय नेमका कधी हलायला लागतो?"

म्हटलं, "गाडीत बसल्यावर."

"गाडीत बसल्यावर, की साहेब बसल्यावर?"

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काका पार्किंगमध्ये हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात परीक्षेचं पॅड आणि त्यावर कोरा कागद. एरवी गप्पा न थांबवणारा माणूस, पण त्या दिवशी गाडीत बसताना नमस्कारसुद्धा घेतला नाही. दार लावलं, कागदावर तारीख घातली आणि म्हणाले, "चला." बस्स. आमचंच पार्किंग, आमचीच गाडी, रोज जिन्यात भेटणारे काका. आणि माझा पाय थरथरायला लागला. अगदी तसाच, टकटक आवाजासकट.

मला रडू आलं आणि त्याच वेळी हायसंही वाटलं. कारण तोवर मी धरून चालले होते की टेस्टच्या जागेत, त्या ट्रॅकमध्ये, त्या गर्दीत काहीतरी आहे. तसं काही नव्हतंच. कोणीतरी न बोलता आपल्याकडे बघतंय आणि कागदावर काहीतरी लिहितंय, एवढ्यानेच माझा पाय जात होता. सगळा सराव मी गाडी चालवण्याचा केला होता, कोणाच्या नजरेखाली चालवण्याचा एकदाही केला नव्हता.

म्हणून पहिला आणि सगळ्यात मोठा उपाय हाच: टेस्टच्या आधीच्या दोन आठवड्यांत किमान सात-आठ वेळा खोटी टेस्ट द्या. शेजारी बसणाऱ्याकडे पक्कं लायसन्स हवं, गाडीला पुढे-मागे लाल एल हवा. शिकाऊ लायसन्सवर ते बंधनकारकच आहे. त्या माणसाने तीन गोष्टी पाळायच्या. बोलायचं फक्त सूचना द्यायला. चूक झाली तरी चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. आणि अधूनमधून कागदावर लिहायचं, लिहिण्यासारखं काही नसलं तरी. लिहिण्याच्या त्या आवाजाचीच सवय व्हायला हवी. दर दोन-तीन दिवसांनी माणूस बदला, कारण एका माणसाची नजर लवकर ओळखीची होते. माझ्या गाडीत काकांनंतर माझा दीर बसला, मग ऑफिसातल्या एक सीनियर मॅडम, ज्यांच्यासमोर मला एरवीही घाम फुटतो. त्यांच्यासमोर चालवून झाल्यावर टेस्ट तितकी मोठी वाटेना.

घरच्यांबद्दल एक मनापासून सांगते. ज्या माणसाच्या "अगं ब्रेक! ब्रेक!" ने तुम्ही गोठता, त्याला शेवटच्या पंधरा दिवसांत शेजारी बसवू नका, मग तो नवरा असो, वडील असोत की मोठा भाऊ. ते काळजीपोटीच ओरडतात. पण तो आवाज कानात राहतो आणि टेस्टच्या दिवशी कोणी बोललं नाही तरी ऐकू येतो. आमच्या ह्यांना मी हे शांतपणे सांगितलं, त्यांनी मनावर घेतलं, आणि तेवढे दिवस त्यांनी एल चिकटवण्याचं आणि पेट्रोल भरण्याचं काम केलं.

थरथर थांबवायची कशी

पूर्ण थांबत नाही, हे आधीच सांगते. घाबरल्यावर अंगात अ‍ॅड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते, स्नायू पळायच्या तयारीत ताठ होतात. पळायला तर जागा नसते, मग ती ताकद थरथरण्यात जाते. त्यात क्लचचा पाय हवेत, अर्धवट दाबलेल्या अवस्थेत धरून ठेवायचा असतो. ताठ स्नायूला असं अधांतरी धरलं की तो थरथरणारच. म्हणजे भीती तशीच राहिली तरी पायाचं अधांतरीपण आपल्याला कमी करता येतं.

सीट पुढे घ्या. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. पाय सरळ ताणला जात असेल तर सीट मागे आहे. टाच जमिनीला टेकवा आणि पाऊल टाचेवर फिरवून क्लच सोडा, अख्खा पाय उचलून नको. पाय लहान असेल आणि टाच टेकवून क्लच पूर्ण दबत नसेल, तर दाबताना पाय उचलला तरी चालेल, पण सोडताना, हाफ क्लचच्या जागेवर, म्हणजे इंजिन गाडीला ओढायला लागतं तिथे आल्यावर, टाच टेकलेली हवी. माझ्या पायाला सगळ्यात जास्त फरक पडला तो याने. आणि सँडल सोडा. पातळ, सपाट तळाचे, मागून बंद असलेले बूट घाला, आणि सरावालाही तेच घाला.

आता सीटचं एवढं का लावून धरलंय ते सांगते. टेस्टला बहुतेक वेळा ड्रायव्हिंग स्कूलची एकच गाडी असते आणि तिच्यात एकामागून एक उमेदवार बसतात. तुमच्या आधी सहा फुटी मुलगा बसून गेलेला असतो. त्याने सीट मागे सरकवलेली, आरसे त्याच्या उंचीला लावलेले. आपण घाईघाईत बसतो, साहेब शेजारी आहेत, मागे रांग आहे, सीट काय सरकवत बसायची म्हणून तसंच निघतो. माझ्या दुसऱ्या टेस्टला नेमकं हेच झालं होतं. पायाच्या बोटांनी क्लच दाबत होते मी.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १५ मध्ये उमेदवाराने काय काय करून दाखवायचं याची यादी आहे. त्यात सगळ्यात पहिलं कलम आहे मागचं दाखवणारा आरसा नीट करून घेणं. दुसरं आहे इंजिन सुरू करण्याआधी योग्य ती काळजी घेणं. म्हणजे बसल्या बसल्या सीट आणि आरसे लावणं हा टेस्टचाच भाग आहे, तुम्ही कोणाचा वेळ खात नाही. सीट, तिन्ही आरसे, बेल्ट, हँडब्रेक, गिअर न्यूट्रलला आहे का ते हलवून बघणं, मग किल्ली. हा क्रम रोज तोच ठेवा, अगदी दूध आणायला जाताना बाजूला कोणाला घेऊन गाडी काढलीत तरी तोच. या क्रमाला वीस-तीस सेकंद लागतात, आणि तेवढ्यात हाताला ओळखीचं काम मिळतं. मी त्याच वेळात श्वासाचं करायचे: चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर, असं तीन वेळा. सोडलेला श्वास लांबला की ठोके मंदावतात. साहेबांना काही कळतही नाही.

गाडी बंद पडली की पुढचं सगळं कोलमडतं

गाडी एकदा बंद पडली यात फारसं काही गेलेलं नसतं. घात होतो तो त्यानंतर. तोंड कोरडं पडतं, आपण किल्ली फिरवतो, गिअर पहिल्यातच असतो, गाडी धक्का मारते, परत बंद. माझ्या दोन्ही टेस्टमध्ये पहिल्यांदा गाडी बंद पडली ती पायामुळे आणि दुसऱ्यांदा बंद पडली ती घाबरल्यामुळे.

यावर काकांनी जो सराव घेतला तो आधी मला विचित्र वाटला. तपोवनाकडे एका मोकळ्या जागेत नेऊन ते म्हणाले, "आता गाडी मुद्दाम बंद पाडा." क्लच झटकन सोडला, गाडी हबकून बंद. "आता तोंडाने बोला आणि करा." क्लच, ब्रेक, हँडब्रेक, न्यूट्रल, किल्ली. मग पहिला गिअर, आरसा, हँडब्रेक खाली, निघा. परत पाडा. त्या सकाळी मी गाडी वीसपेक्षा जास्त वेळा बंद पाडली. दहाव्या वेळेपर्यंत मी मोठ्याने बोलत होते, नंतर हात आपोआप जायला लागले. गाडी बंद पडली की पोटात जो खड्डा पडायचा, तो विसाव्या वेळी पडलाच नाही. तिसऱ्या टेस्टला गाडी एकदा बंद पडली होती, हेही सांगून ठेवते. मी क्रम केला, निघाले, आणि पास झाले.

हाफ क्लचची जागाही कानाने ओळखायला शिका. रेस न देता, सपाट जागेवर, ब्रेक दाबून ठेवून क्लच अगदी सावकाश सोडत या. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटतं. ती जागा. प्रत्येक गाडीत ती वेगळ्या उंचीवर असते. म्हणून ज्या गाडीवर टेस्ट द्यायची, तीच गाडी शेवटचे चार दिवस तरी हातात हवी. स्कूलची गाडी असेल तर टेस्टच्या सकाळी तिच्यावर एक फेरी मागून घ्या.

चढावर मागे सरकण्याची धास्ती

नियम १५ च्या त्याच यादीत हेही आहे: तीव्र चढावर गाडी थांबवून, हँडब्रेक किंवा अ‍ॅक्सिलेटर आणि पायाचा ब्रेक नीट वापरून, जराही मागे न सरकता पुन्हा निघणं. घाबरणाऱ्या माणसाची रात्रीची झोप उडवणारं कलम हेच.

नाशिक तसं सपाट वाटतं, पण गोदावरीकडे उतरणारे रस्ते बघा. पंचवटीत मालेगाव स्टँडकडून नदीच्या बाजूला उतरणाऱ्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी चढताना थांबावं लागलं की नवख्याला घाम फुटतो. सरावाला तिथे जाऊ नका. कॉलनीतला एखादा आडवा, कमी वर्दळीचा चढ शोधा आणि सकाळी लवकर जा.

युक्ती अशी. चढावर थांबा, हँडब्रेक ओढा. सोबतच्या माणसाने उतरून मागच्या चाकाच्या मागे, वीतभर अंतरावर, पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली आडवी ठेवायची आणि पूर्ण बाजूला होऊन परत गाडीत बसायचं. गाडीच्या मागे कोणी उभं राहायचं नाही, हे काटेकोर पाळा. आता हँडब्रेक तसाच ओढलेला ठेवून थोडी रेस द्या, हाफ क्लचला या, गाडीचं नाक उचललं की मगच हँडब्रेक सोडा. मागे सरकलात तर बाटली चेपल्याचा कडकड आवाज येतो. त्या आवाजाने सुरुवातीला दचकायला होतं, पण त्याने एक फार चांगलं काम केलं. "मी मागे तर जात नाहीये ना" ही मनातली शंका संपली. बाटली वाजली नाही म्हणजे गाडी गेली नाही. पाच दिवसांत माझ्या बाटल्या वाजायच्या थांबल्या, आणि चढ म्हटलं की मान मागे वळवून बघायची माझी सवयही गेली.

"डावीकडे घ्या" म्हटलं आणि उजवीकडे गेले

घाबरल्यावर कान बंद होतात. साहेब म्हणाले डावीकडे, भाचीने उजवा इंडिकेटर दिला. तिला विचारलं तर म्हणाली, "मावशी, शब्द ऐकला, अर्थच लागला नाही." यावर दोन साध्या गोष्टी आहेत. सूचना मिळाली की ती हळू आवाजात परत म्हणायची, "डावीकडे", आणि मगच हात हलवायचा. आणि नीट ऐकू आलं नाही तर सरळ विचारायचं, "साहेब, परत सांगता का?" विचारण्याने कोणी नापास होत नाही. चुकीच्या बाजूला वळल्याने होतं. भाचीने पुढच्या वेळी डाव्या मनगटाला लाल धागा बांधला होता. नाडा म्हणजे डावा, ही तिची खूण.

रिव्हर्सबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे भीतीवर एकच औषध चालतं: गाडी इतकी सावकाश घ्या की चूक दुरुस्त करायला वेळ राहील. हाफ क्लचवर, मुंगीच्या पावलाने. घाबरलेला माणूस रिव्हर्समध्ये लवकर संपवायला बघतो आणि तिथेच खांब पाडतो.

रांगेतला वेळ

खरी टेस्ट पाच-सात मिनिटांची. त्याआधीचा दीड-दोन तास माणसाला पोखरतो. ऊन असतं, गर्दी असते, आणि रांगेत कोणीतरी असा भेटतोच की जो तिसऱ्यांदा आलेला असतो आणि सगळ्यांना सांगत सुटतो की आज साहेब कडक आहेत. त्याच्यापासून लांब उभे राहा. हे मी गमतीने सांगत नाही. शेजारच्या वहिनींची टेस्ट गाडीत बसायच्या आधी रांगेतच गेली होती, असल्या गप्पांनी.

चहाचंही तसंच. वाट बघताना एक कटिंग, मग दुसरा, मग तिसरा. रिकाम्या पोटी तीन चहा घेतले तर टेस्ट नसतानाही हात कापतील. सकाळी पोहे, उपमा, पोळी-भाजी, जे रोज खाता ते खा. मिसळ त्या दिवशी राहू द्या, टेस्ट झाल्यावर खा. पाणी घोट घोट प्या.

कागदपत्रं आदल्या रात्रीच एका फोल्डरमध्ये लावा: शिकाऊ लायसन्स, अपॉइंटमेंटची प्रिंट, आधार, आणि गाडी तुमची असेल तर तिचं आरसी, विमा, पीयूसी. शनिवार-रविवारी एकदा नुसतं पेठ रोडला जाऊन या, आरटीओचं गेट कुठे, गाडी लावायची कुठे, एवढं बघून ठेवा. सिडको किंवा नाशिकरोडहून येणार असाल तर द्वारका आणि मुंबई नाक्याच्या गर्दीचा वेळ धरून निघा. उशीर होतोय या धास्तीने तापलेलं डोकं गाडीत बसल्यावर थंड होत नाही.

तारीख कधीची घ्यायची

हा मुद्दा कोणी सांगत नाही आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही, आणि शिकाऊ लायसन्सची मुदत ६ महिने असते. बहुतेक जण "अजून थोडा हात बसू दे" म्हणत पाचवा महिना उजाडवतात. मग टेस्टला जाताना डोक्यावर दोन ओझी असतात, टेस्टचं आणि मुदतीचं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या महिन्यातली तारीख घ्या. नापास झालात तरी पुढे वेळ आहे हे ठाऊक असलं की पाय अर्धा तिथेच शांत होतो.

दुचाकीवाल्यांसाठी थोडंसं

आठचा आकडा काढताना पाय टेकतो तो नजर खाली गेल्यामुळे. घाबरलेला माणूस पुढच्या चाकाकडे किंवा रंगवलेल्या रेषेकडे बघतो, आणि गाडी नजर जाते तिकडेच जाते. वळण जिथे संपतं तिथे बघा, हनुवटी वर ठेवा. स्कूटर असेल तर रेस एकसारखी ठेवून मागचा ब्रेक हलका धरा, सारखी रेस सोडू-देऊ नका. सोसायटीत चार विटा ठेवून रोज पन्नास आकडे काढा, आणि बाकावर बसलेल्या आजोबांना मुद्दाम बघायला सांगा.

गोळी घेऊ का?

हा प्रश्न मला प्रत्येकाने दबक्या आवाजात विचारला आहे. माझं उत्तर एकच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही नाही. भीतीवरच्या काही गोळ्यांनी झोप येते आणि ब्रेकवर पाय जायला उशीर होतो. ठोके कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी दमा असलेल्याला धोक्याची ठरू शकते. मैत्रिणीला चालली म्हणून आपल्याला चालेल असं नसतं. सर्दीच्या गोळ्यांनीही गुंगी येते, तेही लक्षात ठेवा. आणि पूर्वी अपघात झाला असेल, गाडीत बसल्याबरोबर श्वास कोंडत असेल, तो प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल, तर ते टेस्टच्या भीतीपेक्षा वेगळं आहे. तिथे बाटल्या आणि काका पुरणार नाहीत. समुपदेशकाकडे किंवा मानसोपचार तज्ज्ञाकडे जा, त्यावर चांगले उपचार आहेत.

कोणी असंही सांगतं की एवढा त्रास कशाला, टेस्ट न देता लायसन्स करून देणारे असतात. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. संध्याकाळी सहाला द्वारका सर्कलला चारी बाजूंनी गाड्या अंगावर येतात तेव्हा खिशातलं कार्ड ब्रेक दाबत नाही. तेव्हाही आपल्याकडे सगळे बघत असतात, हॉर्न मारत असतात. जो पाय साहेबांसमोर स्थिर झाला तोच तिथे कामाला येतो.

तरीही नापास झालात तर

सात दिवसांनी परत देता येते. फेरटेस्टची फी भरायची, प्रत्येक प्रकारच्या वाहनाला ३०० रुपये. तीनदा नापास झालात तर मात्र शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात अशा उमेदवाराने पुन्हा प्रशिक्षण घेण्याचीही तरतूद आहे. म्हणून तिसऱ्या खेपेला घाई करू नका. सातव्या दिवशीच गेलं पाहिजे असं काही नाही. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या टेस्टमध्ये पाच आठवडे घेतले.

नापास झाल्या दिवशीच, घरी पोचायच्या आत, एक काम करा. कागदावर लिहा: नेमकं कुठल्या क्षणी बिघडलं? गाडीत बसताना, पहिला गिअर टाकताना, साहेब काही बोलले तेव्हा, की गाडी बंद पडल्यावर? "घाबरले" एवढंच लिहू नका, त्याचा उपयोग नाही. माझ्या कागदावर होतं, "सीट लांब होती, क्लच बोटांनी दाबला, पहिल्यांदा बंद पडल्यावर गिअर न काढता किल्ली फिरवली." हा कागद घेऊनच मी काकांसमोर बसले होते, आणि पुढचे पाच आठवडे आम्ही फक्त तेवढ्यावरच काम केलं.

सध्या नणंदेची पाळी आहे. तिची पहिली टेस्ट चढावर गेली. गाडी हातभर मागे आली आणि तिने घाबरून स्टेअरिंगच सोडलं. आता रोज सकाळी सव्वासहाला आम्ही कॉलनीतल्या चढावर असतो. काका पॅड घेऊन शेजारी, मी मागच्या सीटवर. काल बाटली दोनदा वाजली. आज एकदाच.